तपासणीच्या खोलीतले मासे

९ जानेवारी

ताई,

आधी महत्त्वाचं. मासे ठीक आहेत. दाजीही ठीक आहेत. तुला याच क्रमाने हवं असणार म्हणून याच क्रमाने लिहिलं.

मी परवा आलो. नेहमीसारखा न कळवता, पाठीवर पिशवी आणि पिशवीत फक्त धुवायचे कपडे. बेल वाजवताना तुझं वाक्य कानात तयारच होतं, "आलात का? आता जाणार कधी तेवढं सांगा." पण दार दाजींनी उघडलं. "या मेहुणे," म्हणाले आणि तिथेच अडकले. यापुढचं बोलायचं खातं तुझं, त्यांना ते येतच नाही. तेवढ्यावरूनच मला कळलं की तू घरात नाहीस.

"ताई कुठेय?"

"धरणाच्या मोजणीवर. डोंगरात."

"येणार कधी?"

"तिला विचार. पत्ता फ्रिजवर लावलाय."

एवढं बोलून खाली दुकानात गेले आणि भिंग घासायचं यंत्र सुरू केलं. दाजींना बोलायचं नसलं की गिऱ्हाइकांची भिंगं भराभर तयार होतात. या आठवड्यात सगळ्यांना चष्मे वेळेवर मिळतायत. गल्ली चकित आहे.

तिथे फोन लागत नाही, टपालाची जीप आठवड्यातून एकदा येते म्हणे. म्हणजे पत्र लिहिणं आलं. माझं लिहिणं तुला माहीत आहे. निबंध 'माझी शाळा' असायचा आणि दुसऱ्या ओळीत मी कुंपणावरून उडी मारून नदीवर पोचलेला असायचो. तेव्हा मधेच कुठे गेलो तर थांब, मी परत येतो. आजवर आलोच आहे.

तर मासे. पहिल्या सकाळी मी टाकीचा दिवा लावला आणि ओरडत खाली धावलो. सगळे पांढरेफटक! निळी रेघ गायब, लाल शेपूट गायब, नुसत्या उकडलेल्या शेवया. दाजी हातातली फ्रेम घेऊनच वर आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "झोपेत रंग उतरतो त्यांचा. तू उठल्यावर कसा दिसतोस?" थोड्या वेळाने खरंच एकेकाची रेघ पेटत गेली. तेवढ्यात माझा चहा उतू गेला.

दाजींनी सांगितलंय, त्यांनी काही निरोप दिलेला नाही असं लिही. तर त्यांनी काही निरोप दिलेला नाही.

तुझा भोवरा


२९ जानेवारी

ताई,

पत्र मिळालं. पत्र कसलं, तारच ती. "मासे किती? हीटर बघ. निघून जाऊ नकोस." तिकडे कागद मोजून देतात का?

हीटर बघितला. हीटर छान आहे.

मासे पुष्कळ आहेत. आता निऑन टेट्रा म्हटले की ते सारखे हलणार, एक मोजेपर्यंत दुसरा लाकडामागे जाणार, तिसरा पहिल्याच्या जागी येणार. तुम्ही दोघं रविवारी मोजायचात ना? तू डावीकडून, दाजी उजवीकडून. दाजींचा नेहमी एक जास्त भरायचा आणि तू म्हणायचीस की ते काचेतलं प्रतिबिंब धरतात. ते म्हणायचे, "माझा धंदा काचेचा आहे, मला प्रतिबिंब शिकवू नकोस." मी गादीवर लोळत ते भांडण ऐकायचो आणि मला वाटायचं, लग्न करावं तर असं. मग वाटायचं, नको, रविवार वाया जातो.

आता रविवारी दाजी मोजत नाहीत. दुकान उघडतात. रविवारी चष्मेवाल्याकडे कोण येतं? कोणी येत नाही. ते बसतात.

आकाशपाळणेवाल्यांचा निरोप आला होता, त्यांची टोळी पुढच्या गावी निघतेय. विशेष काही नाही. वरच्या पाळण्याचा बोल्ट माझ्याइतका घट्ट कोणी आवळत नाही एवढंच. मी कळवलं की मला वेळ नाही. कळवल्यावर मलाच हसू आलं, मी आजवर हे वाक्य कधी बोललोच नव्हतो.

दाजी विचारतात, तिकडे थंडी आहे का. म्हणजे विचारत नाहीत. "डोंगरात थंडी असते," असं यंत्राकडे बघून म्हणाले.

भोवरा


१२ फेब्रुवारी

ताई,

"किती म्हटलं की आकडा लिहायचा असतो," असं तू लिहिलंस. शिवाय लिहिलंस की साहेबांनी आणखी दोन वर्षांचा कागद पुढे केलाय, एप्रिल संपायच्या आत सही हवी; आणि आम्हा दोघांना टाकी झेपत नसेल तर मासे त्या माशांच्या दुकानातल्या काकूंना देऊन टाका, म्हणजे तू मोकळेपणी सही करशील.

ते वाक्य वाचल्यावर माझ्याच्याने पुष्कळ-बिष्कळ लिहवेना. सात आहेत, ताई. तू गेलीस तेव्हा पन्नासच्या घरात होते, ते आता सात. लाकडामागे दडून बसतात, दिवसासुद्धा फिकट. काकू म्हणाल्या, ही जात घोळक्यातली. घोळका नसला की रंगही धरत नाही आणि धीरही.

कसं झालं ते दाजींनी मला आधी सांगितलं नाही. मीच एकदा टाकीचा स्पंज काढून नळाखाली धरायला गेलो, तर जिन्यावरून ओरडले, "नळाखाली नाही!" दाजींना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. खाली एक बाई चष्म्याला थांबल्या होत्या, त्या उठून उभ्याच राहिल्या. मग रात्री जेवण अर्धवट टाकून त्यांनी सगळं सांगितलं.

तू गेलीस त्या आठवड्यात त्यांनी टाकी धुतली. तू चिडून गेलीस, आठ दिवसांत येशील, आल्यावर टाकी चकचकीत दिसावी म्हणून. लाकूड घासलं, खडी उकळत्या पाण्यातून काढली, स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. काच तर भिंगासारखी पुसली, आतूनसुद्धा. "एक डाग ठेवला नाही रे," म्हणाले. त्या डागातच माशांचा जीव होता, घाण पचवणारे सगळे जंतू त्यात. आणि तू आठ दिवसांत आली नाहीस, आणि रोज सकाळी काही मासे वर तरंगत होते.

तू जाताना म्हणाली होतीस म्हणे, "तुम्हाला जरा डाग दिसला की घासून काढायचा असतो. माणसाचंही तेच करता." हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. तुझी तक्रार म्हणून नाही, आपटलेला गुडघा दाखवतात तसं.

हे तुला कळवायचं नाही असं ठरलं होतं. मी कळवलं. भोवऱ्यावर विसंबू नये हे त्यांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

मी म्हटलं, "चला, काकूंकडून पन्नास आणून सोडू. तिला काय कळतंय?"

"मेहुणे," म्हणाले. दार उघडताना सोडून मेहुणे म्हणाले की समजायचं, चिडलेत. "तिला नुसते मासे नकोत. तिने वाढवलेले हवेत. एकवेळ टाकी रिकामी दाखवीन, पण तिला फसवणार नाही."

तेव्हा आता एकच उपाय उरलाय. तू हसशील. सात माशांचे पुष्कळ करायचे. सही थोडी थांबव ना. एप्रिल संपायला अवकाश आहे.

तुझा,
भोवरा


२६ फेब्रुवारी

ताई,

तू काहीच लिहिलं नाहीस. जीप चुकली असेल. चिडली असशील तरी चालेल, पण वाचत राहा, कारण इथे मजा चाललीय.

काकूंकडे गेलो. दाजी सोबत आले. दुकान बंद करून! काकूंनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "निऑनची पिल्लं काढणार? तुम्ही दोघं? माझ्याकडे पंधरा वर्षांत एकदा झाली होती, तीही माझं लक्ष नव्हतं म्हणून." मग स्टूल ओढून बसल्या आणि शिकवलं. खूप बोलतात. मधे त्यांच्या मांजरीचं बाळंतपणही आलं. मला फार आवडल्या.

तर यादी अशी. वेगळी छोटी टाकी. पाणी मऊ, म्हणजे क्षार नसलेलं, पाणी गाळायच्या मशीनचं. त्यात बदामाची वाळलेली पानं, म्हणजे पाणी चहासारखं होतं आणि अंड्यांना बुरशी धरत नाही. तळाला गोट्या, म्हणजे अंडी फटीत पडतात आणि कोणाच्या तोंडी लागत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंधार. उजेडाने अंडी मरतात.

गोट्या आणायला मी गेलो. आणल्याही, पण जरा उशीर झाला. मैदानात पोरांकडून विकत मागितल्या तर म्हणाली, जिंकून घे. जिंकून घेतल्या. दोन दिवस लागले. दाजी म्हणाले, "दुकानात मिळतात." मी म्हटलं, "त्यात काय मजा?" त्यांनी प्रत्येक गोटी दिव्यासमोर धरून तडा आहे का बघितलं, तडा गेलेल्या मला परत केल्या. धुतल्या मात्र नुसत्या साध्या पाण्याने. घासायला फडकं उचललं होतं, मग खाली ठेवलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

अंधाराचा प्रश्न दाजींनीच सोडवला. अख्ख्या घरात कायम अंधारी खोली एकच, डोळे तपासायची. तेव्हा अक्षरांच्या तक्त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात काळ्या पडद्यामागे टाकी बसवलीय. काल एक आजोबा हनुवटी टेकवून बसले होते, खालची ओळ वाचता वाचता थबकले. "इथे पाणी बुडबुडतंय का हो?" दाजी शांतपणे म्हणाले, "कानाचे डॉक्टर पलीकडच्या गल्लीत. तुम्ही ओळ वाचा."

जोडी निवडायला भिंग घेऊन बसलो. नराची निळी रेघ सरळ, मादीचं पोट गोल म्हणून तिची रेघ मधे वाकते. दाजींना एका नजरेत कळलं. त्यांचं म्हणणं, रेघ वाकडी आहे की सरळ हे ओळखण्याचाच त्यांना पगार मिळतो. कोण देतं पगार, ते स्वतःच ना? असो.

जोडीला सध्या डासांच्या अळ्यांचा खुराक चालू आहे. शेजाऱ्यांच्या ड्रममधून मी गाळणीने काढतो. आख्खी गल्ली डास मारतेय आणि आम्ही त्यांची पोरं जपून नेतोय.

पत्र पाठव. शिव्यांचं असलं तरी.

भोवरा


१४ मार्च

ताई,

तुझी ओळ मिळाली. "पुढे काय झालं?" एवढीच, पण मी ती दाजींना वाचून दाखवली, तर म्हणाले, "परत वाच." एका ओळीत परत काय वाचणार? तरी वाचली.

पुढे वाईट झालं.

जोडी सोडली आणि दुसऱ्या सकाळी अंडी झाली. पडदा बोटभर सरकवून दाजींनी भिंग लावलं आणि म्हणाले, "आहेत." गोट्यांच्या फटीत, काचेच्या चुऱ्यासारखी. काकूंनी बजावलं होतं, अंडी झाली की आईबापाला ताबडतोब बाहेर काढा. मी जाळी घेऊन आलो. दाजींनी जाळीवर हात ठेवला.

"थांब रे. आत्ता तर झालीत. आईला लगेच पोरांपासून तोडायचं? संध्याकाळपर्यंत राहू दे."

मलाही ते पटलं, ताई. तू आणि मी, आपल्याला आई कितीशी मिळाली? मी जाळी ठेवून दिली. उलट मला बरंच वाटलं.

संध्याकाळपर्यंत एक अंडं शिल्लक राहिलं नाही. फटीतलीसुद्धा टिपून खाल्ली होती आणि मादी जाडजूड, समाधानी, फेऱ्या मारत होती.

काकू आधी हसल्या आणि मग त्यांनी झापलं. "अहो, ही मागे वळून बघणारी जात नाही. बघितलंच तर नाश्ता समजून बघते. तिला घरात कोंडून कसली माया करता? तिला तिच्या घोळक्यात जाऊ द्या, ती तिकडे सुखी आणि पोरं इकडे सुखी."

परतल्यावर दाराशी किल्ली लावता लावता दाजी म्हणाले, "मी हिला जाऊ नको म्हणालो होतो, ठाऊक आहे ना तुला?"

"माशाला?"

"तुझ्या ताईला."

मग आत गेले. यंत्र मात्र सुरू केलं नाही.

भोवरा


३ एप्रिल

ताई,

आता बसून वाच. बसलीस?

दुसऱ्यांदा जोडी सोडली. सकाळी मी खाली उतरलो तर दाजी आधीच पडद्यामागे, जाळी त्यांच्या हातात. नर आधीच हलवला होता, मादीलाही त्यांनीच उचललं. मोठ्या टाकीत नेताना जाळीशी बोलत होते. मी जिन्यात होतो म्हणून ऐकू आलं. "जा बाई. तू वाईट म्हणून नाही काढत. तुझं इथलं काम झालं, तिकडे तुझं बाकीचं आहे."

मी जिन्यातच बसून राहिलो. मला असल्या वेळी काय करावं कळत नाही, म्हणून मी बुटाची नाडी बांधली. पायात चपला होत्या.

दुसऱ्या दिवशी भिंगातून बघितलं तर काचेला चिकटलेले केसाचे तुकडे. मग ते तुकडे वळवळले. मग पाच-सहा दिवसांनी सुटून पोहायला लागले. ताई, त्यांना अंगच नाही! नुसते दोन डोळे आणि मागे एक शेपूट. आरपार दिसतं. दाजी तर वेडे झालेत. "बघ, आधी डोळे येतात. बाकीचं नंतर." एकदा म्हणाले, "आणि एकालाही नंबर नाही."

त्यांना खायला काय, तर कोबीचं पान बरणीत कुजवून त्या पाण्यातले न दिसणारे जीव. बरणी दुकानाच्या खिडकीत आहे. वासाने गिऱ्हाईक नाक धरून तक्ता वाचतं. एका बाईंनी स्पष्ट विचारलं, "काही मेलंय का?" दाजी ऐटीत म्हणाले, "मेलं नाही, झालंय."

आणि तुला माहितेय? ती बरणी काठोकाठ गढूळ, हिरवी, कडेला थर चढलेला. रोज दाजींच्या नजरेसमोर. त्यांनी तिला हात लावलेला नाही. मोठ्या टाकीच्या मागच्या काचेवरही शेवाळ धरलंय. परवा फडकं घेऊन उभे होते, बराच वेळ. मग त्याच फडक्याने त्यांनी स्वतःचा चष्मा पुसला आणि गेले.

तुझं सहीचं काय झालं ते तू लिहीत नाहीस. मीही विचारणार नाही. पण मला वाटतं, तू आपलं म्हणणं विचारावंस म्हणून इथे एक माणूस रोज वाट बघता बघता टपालवाल्याची सायकल ओळखायला शिकलाय.

भोवरा


२२ एप्रिल

ताई,

रेघ आली!

सकाळी दाजींनी हाक मारली, "भोवऱ्या!" मेहुणे नाही, भोवऱ्या. धावत गेलो. पडदा आता पूर्ण उघडा असतो, पोरांना उजेड चालतो. एका पिल्लाने वळण घेतलं आणि अंगावर सुईने ओढल्यासारखी निळी रेघ चमकली. मग दुसऱ्याच्या. मग कोणाकोणाच्या ते कळेना, कारण ते एका जागी थांबतील तर शपथ.

पिल्लं अजून लहान आहेत, मोठ्यांच्या टाकीत सोडली तर गट्टम होतील. म्हणून काकूंच्या सांगण्यावरून छोटी टाकी वर आणली आणि मोठीच्या काचेला काच लावून ठेवली. तुझे सात जण आधी लाकडामागेच होते. मग एक पुढे आला. मग सगळे आले आणि काचेपलीकडच्या पोरांबरोबर इकडून तिकडे, तिकडून इकडे, एकच घोळका असल्यासारखे फिरायला लागले. आणि त्यांचा रंग, ताई! तू असताना होता तसा. दाजी जमिनीवर मांडी घालून बसले होते. मी चहा दिला तो त्यांनी तसाच धरून गार केला.

रविवारी मोजले. मी डावीकडून, ते उजवीकडून. जमलं नाही. मी मधेच शेपट्यांच्या लाल रंगाकडे बघत बसलो आणि आकडा विसरलो. दाजी म्हणाले, "तुझ्या बहिणीचं लक्ष हलायचं नाही. भांडायची, पण आकडा सोडायची नाही."

आकाशपाळणेवाले पुन्हा इकडून जाणार आहेत. या वेळी दाजीच म्हणाले, "जा रे, बोल्ट आवळून ये. कोबीचं मी बघतो." जाईन. पण परत येईन तेव्हा कपडे धुऊन आणीन असं त्यांना वचन दिलंय.

तू विचारलंस, "त्यांचं काय म्हणणं आहे?" मी तुझं पत्र त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, आता मी 'काही निरोप दिलेला नाही' असा निरोप देणार नाही. स्वतः लिहा. त्यांनी चष्म्याच्या पावतीचा कागद घेतला. तीन ओळींना सगळी दुपार लागली. पहिली ओळ मोठ्या अक्षरात लिहिली, मग जागा पुरेना, म्हणून दुसरी बारीक आणि तिसरी त्याहून बारीक. अगदी त्यांच्या तक्त्यासारखी. शेवटची ओळ मला नुसत्या डोळ्यांनी लागली नाही, भिंग मागितलं तर दिलं नाही. मग ते जेवायला बसल्यावर मी भिंग घेतलंच. कागद सोबत जोडलाय, पण उन्हापावसात अक्षर पुसेल म्हणून खाली माझ्या हातानेही उतरवून देतो.

तुझा,
भोवरा

*

सही कर. काम अर्धवट सोडू नकोस.

सुट्टी मिळेल तेव्हा रविवार धरून ये. भोवऱ्याला मोजता येत नाहीत आणि माझा एक जास्तच भरतो.

काच मी आता फार घासत नाही.